पेटीतला ‘अपमाण’

रविवार, २ नोव्हेंबर

यांना बजावून ठेवलंय, ही वही उघडायची नाही. “तुझं अक्षर लावत बसायला मला वेळ कुठाय,” म्हणाले. अठ्ठावीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते मी. माझं अक्षर छापल्यासारखं आहे. नवऱ्याला दिसत नसेल तर त्यांनी चष्म्याचा नंबर बदलावा.

आज गुलमंडीवर, कापडदुकानाच्या माडीवर, आमच्या स्वरसंगत मंडळाची नेहमीची बैठक झाली. अध्यक्ष आप्पासाहेबांनी महासंघाचं पत्र वाचलं. ११ जानेवारीला मराठवाड्यातल्या सगळ्या गायन मंडळांचं संमेलन आपल्या शहरात, आणि शेवटची वीस मिनिटं आमची! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. अट एकच. प्रत्येक मंडळानं आपली नियमावली करून पाठवायची: कोणी कोणाशी कसं वागावं, कोणाला कमी लेखू नये, तक्रार कुठं करावी. सगळं लेखी पाहिजे, नाही तर मंच नाही.

“हे काम भानुताईंशिवाय कोन करनार?” आप्पासाहेब म्हणाले.

“कोण करणार,” मी म्हणलं.

“तेच म्हंतो मी.”

चिकलठाण्याला त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गाता येत नाही, पण ऐकण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. सचिव मी, म्हणजे काम माझ्याच गळ्यात पडलं. मी नाही म्हणल्यासारखं केलं आणि लगेच हो म्हणलं.

त्या दिवशी पेटीवर मी बसणार. चोवीस वर्षं मंडळाची हार्मोनियम गुरुजींच्या पुढ्यात होती आणि मी मागं टाळ वाजवत होते. ते गेल्या वर्षी मुलाकडं राहायला गेले तेव्हा कुठं पेटी माझ्याकडं आली. एवढा मोठा मंच, समोर हजार माणसं. हिमरूची शाल कपाटातून काढून उन्हात टाकलीय. यांनी विचारलं, दोन महिने आधी? म्हणलं, डांबराच्या गोळ्यांचा वास जायला दोन महिने लागतात.

काळजी एकच आहे. संस्कृती सलग दुसऱ्या रविवारी आली नाही. शेंद्र्याची पोरगी, चोवीस वर्षांची, कारखान्यात कामाला. आवाज असा की हातातला चहा गार होतो. तिच्या आज्जीचं आडाचं गाणंच आम्ही संमेलनाला घेतलंय आणि मुख्य आवाज तिचाच आहे. शेवटची आली होती तेव्हा मी तिच्याकडून ‘पाणी’ हा एक शब्द अकरा वेळा म्हणवून घेतला. पोरगी आपली ‘पानी’च म्हणते. अकराव्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्दी झाली असावी, या दिवसांत होतेच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

चौदा कलमं झाली. कलम चार: “कोणासही जातीवरून, गावावरून, वयावरून वा बोलण्या-चालण्यावरून हिणवू नये.” लिहिल्यावर माझं मलाच बरं वाटलं. कलम अकरावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली: “दोषी आढळलेल्या व्यक्तीस त्या वर्षीच्या मुख्य कार्यक्रमात मंचावर बसता येणार नाही. अध्यक्ष असो वा सचिव, कोणासही सवलत नाही.”

यांनी चष्मा कपाळावर चढवला. “सचिव कशाला घातलंस त्यात?”

“वाक्याचा तोल साधतो.”

“बघ बाई,” म्हणाले. “आणि चौदा कलमं कशाला लागतात? आपल्याकडं एका ओळीची नियमावली आहे, दरवर्षी संक्रांतीला हातावर ठेवतात. गोड बोला म्हणून.”

महासंघाला तिळगूळ पाठवून भागत नाही, हे त्यांना कोण सांगणार! निवृत्त माणसाशी वाद घालू नये.

रविवार, ९ नोव्हेंबर

नियमावली एकमतानं मंजूर झाली. टाळ्यासुद्धा पडल्या. कलम अकरा मी दोनदा वाचलं.

तानपुऱ्यावरच्या चारुतानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, झाकणाला चीर पाडली, झाली तक्रारपेटी. आमचा तबलजी इंद्रजीत म्हणतो, “ताई, अब अपने पास दो पेट्या. एक तुम बजाते, दुसरी किसकू बजाती देखेंगे.” मराठी घरातला मुलगा, पण गुलमंडीवर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकल्यापासून याची जीभ चारी दिशांना धावते. “पेट्या नव्हे, हिंदीत पेटियाँ,” मी सांगितलं. हिंदी झाली म्हणून काय वाट्टेल तशी बोलायची?

समारोपाला आप्पासाहेब उभे राहिले. “सन्माणणीय सभासद! आज आपल्या मंडळाची शाण वाढली.” मला भरून आलं. ण जागेवर नाही, पण ण आहे! बारा वर्षांपूर्वी या माणसाच्या तोंडात औषधाला ण नव्हता. केलेल्या कष्टाचं चीज होतं ते असं.

संस्कृती आजही नाही. फोन केला तर म्हणाली, “बघती ताई, जमलं तर.” “बघते म्हण,” मी म्हणलं. फोन कट झाला. शेंद्र्याकडं रेंजची बोंब आहेच.

रविवार, १६ नोव्हेंबर

पेटी उघडली. तीन चिठ्ठ्या निघाल्या. एक, पंखा कुरकुरतो. दोन, चहात साखर कमी. तिसरी मात्र खरी तक्रार. जशीच्या तशी उतरवते:

“सन्माणणीय समिती, आपल्या मंडळात येक व्यक्ती लोकांचे शब्द सगळ्यांसमोर सुधारते. मानसाचा अपमाण होतो. गानं चांगलं येत असून माणसं येत नाहीत. नाव लिहित नाही, कारन व्यक्ती मनाने चांगली आहे.”

संताप आला मला. आमच्या मंडळात असं माणूस आहे? आणि मला पत्ता नाही? तक्रार झाली तरी समितीच्या दप्तरात अशुद्ध कागद ठेवता येत नाही, म्हणून आधी लाल पेनानं सात चुका नीट केल्या, मग उभी राहून मोठ्यानं वाचली.

चारुता ओढणी तोंडाला लावून खोकायला लागली. आप्पासाहेब कुरकुरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिले.

“ही व्यक्ती मी शोधून काढणार,” मी म्हणलं. “आणि कलम अकरा लावणार. मग ती कोणी का असेना!”

“जाने दो ना ताई,” इंद्रजीत पुटपुटला.

यालाच बरी घाई झालीय जाने दो म्हणायची! चोराच्या मनात चांदणं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

थेट इंद्रजीतचं दुकान गाठलं. गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, “खरं सांग, तू लोकांचे शब्द सुधारतोस?”

“मैं?” म्हणाला, आणि जो हसत सुटला तो स्टुलावर बसला. “मेरेच शब्द कोई सुधारा तो मेहरबानी होइंगी, ताई.”

“मेहेरबानी,” मी म्हणलं.

तो पुन्हा हसायला लागला. शेजारचा बांगडीवाला बघायला आला. पाणी पाजलं मला, मोबाइलला नवीन कव्हर घातलं, आणि जाताना एकदम गंभीर होऊन म्हणाला, “ताई, संस्कृतीकू एक बार मिलके आओ. फोनपे नहीं, घर जाके.”

विषय कसा बदलला बघा! पण सुचवलं ते वाईट नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज पाळत ठेवली. मांडीवर वही, कोण कोणाला काय बोलतं त्याची नोंद. दोन तासांत चारुतानं एकाला “सूर खाली जातोय” सांगितलं, तेही कानात. इंद्रजीतनं कोणाला काही सांगितलं नाही. आप्पासाहेब तर बोललेच नाहीत, हल्ली ते बैठकीत फार बोलत नाहीत. मी सतरा शब्द सुधारले, पण ते यात धरले नाहीत. ते काम आहे.

गुन्हेगार हुशार दिसतोय.

संस्कृतीच्या जागी दोघींना गाऊन बघायला लावलं. एकीचं आडाचं गाणं बारशाच्या पाळण्यासारखं वाटलं, दुसरीचं सरकारी जाहिरातीसारखं. सात आठवडे राहिलेत. ती आली नाही तर हे गाणं काढून टाकावं लागेल, आणि आमच्याकडं दुसरं दाखवण्यासारखं आहे काय? शनिवारी शेंद्र्याला जाते.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सगळं क्रमानं लिहिते.

दुपारी शेंद्र्याला पोचले. संस्कृती पहिल्या पाळीला गेलेली, यायला तास होता. घरी तिच्या आज्जी आवडाबाई आणि अंगणात शेंगा फोडत बसलेल्या चार-पाच बायका. आवडाबाईंना मंडळातलं काही ठाऊक नव्हतं. “पोरीच्या पेटीवाल्या ताई आल्या!” म्हणून त्यांनी मला सतरंजीवर मधोमध बसवलं, चहा दिला, मूठभर शेंगा दिल्या. मी म्हणलं, आज्जी, तुमचं गाणं तुमच्या तोंडून ऐकायचंय.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि बसल्या जागी सुरू केलं:

*आस्मानी सोसली, सोसली सुलतानी,*
*माझ्या आडाचं गं सरंना पानी.*
*कुनाला घागर, कुनाला वंजळ,*
*इचारीत नाय आड कुनाची कहानी.*

मी हे गाणं सप्टेंबरात वहीत उतरवलं तेव्हा ‘शुद्ध’ करून घेतलं होतं. पाणी, कहाणी. आता कानानं ऐकलं तर काय? आस्मानी, सुलतानी, पानी, कहानी, चारही पावलं एका ठेक्यात पडत होती. माझ्या वहीत दोन पावलं न ची आणि दोन ण ची, गाणं लंगडत होतं. सुलतानीचं सुलताणी तर कोणाच्या बापाला करता येत नाही. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि ही चूक मी स्वतः घातली होती.

तेवढ्यात आवडाबाई म्हणाल्या, “तुमी बी म्हना की.”

म्हणलं. ‘पाणी’ गेलं तोंडातून.

“पानी म्हना, बाई.”

मी मान डोलावली, पुन्हा म्हणलं, पुन्हा ण! जीभ ऐकेचना. बायका हसल्या. वाईट हसू नव्हतं ते, पण सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. “नाय नाय, पानी! सोपं हाय की. पुन्यांदा म्हना.” तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. एकीनं शेंगा फोडायचं थांबवलं, नीट ऐकू यावं म्हणून. पाचव्यांदा तर मला ओळीचा सूरच आठवेना. कानशिलं तापली. सहाव्या वेळी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. खरंच आला नाही. एकसष्ट वर्षांची मी, शेंगांच्या टरफलांत बसून पोरीसारखी रडायच्या बेतात.

“आज्जे, बास कर,” मागून आवाज आला. संस्कृती, डब्याची पिशवी खांद्याला, दारात उभी. “त्यांचा गळा बंद व्हतोय.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. आणि त्या एका क्षणात बिस्किटांच्या डब्यातली ती चिठ्ठी कोणाबद्दल होती ते मला कळलं.

आत तिनं मला पाण्याचा तांब्या दिला. मी म्हणलं, “तुझाही असाच होतो का गं?”

तिनं डब्याची पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, “तुमी समोर बसल्या की व्हतो. आता तर कारखान्यात बी बोलताना थांबती मी. हा शब्द बराबर हाय का नाय, असं वाटतंय. आन् गाताना असं थांबलं की गानंच जातंय, ताई.”

एकदा ‘आन्’, एकदा ‘बराबर’. माझ्या लक्षात आलं, बोलले नाही. “चुकलं माझं,” एवढंच म्हणलं आणि मग खरंच रडले. तिनं मला परत शेंगा आणून दिल्या. दुसरं काय करणार बिचारी.

सोमवार, १ डिसेंबर

काल बैठकीला गेले नाही. डोकं दुखतंय असा निरोप दिला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

खरं खरं लिहायचं तर मनात पाप आलं. चिठ्ठीत नाव नाही. संस्कृती यायला कबूल झालीय. इथून पुढं मी तोंड आवरलं की झालं, चौकशी गुपचूप बंद करायची. पेटीवर मी, गायला ती, कोणाचं काय अडतं? ती शाल समोरच दोरीवर वाळत होती.

यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तपास कोणी मागितला होता?”

“मीच.”

“कलम अकरा कोणी लिहिलं?”

“मीच.”

“वाक्याचा तोल चांगला साधलाय,” म्हणाले आणि पेपर उघडला. अस्सा राग आला! मग लक्षात आलं, चाळीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर कमी का बोलतो. विचारलं तसं. “सवय झाली,” म्हणाले. मी त्यांना दुसरा चहा करून दिला, न मागता.

रविवार, ७ डिसेंबर

संस्कृती आली. सगळे आले. मी उभी राहिले.

“तक्रारीची चौकशी पूर्ण झालीय,” म्हणलं. “दोषी व्यक्ती म्हणजे मी.”

वाटलं होतं, माडी हादरेल. कोणाची पापणी लवली नाही. तेवढा मीच एकटीनं धक्का घेतला.

आप्पासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “ताई, ती चिठ्ठी म्या लिव्हली. तोंडावर बोलायची छाती नव्हती. सहा-सात डाव लिव्हली, फाडली. लई इचार करून करून शब्द लिव्हले, तुमाला पसंत पडावं म्हनून.” मग हळूच, “तरी तुमी सात चुका काढल्या.”

हसू का रडू कळेना. म्हणजे तो ‘अपमाण’ या माणसानं माझ्यासाठी मुद्दाम ण घालून लिहिला होता! मी उठून त्यांच्या पाया पडायला लागले तर ते घाबरून खुर्चीसकट मागं सरकले.

मग सगळे एकदम सुरू झाले. ताई, झालं गेलं. ताई, कलम पुढच्या वर्षीपासून लावू. ताई, पेटी कोण वाजवणार? मी म्हणलं, नियम मंजूर झालाय, एकमतानं झालाय, मी दोनदा वाचलाय. सचिवाला सवलत नाही. पेटी चारुता वाजवेल. पाच वर्षं तानपुरा धरून बसलीय माझ्या मागं, पेटी मागायची तिची हिंमत झाली नाही. का झाली नाही ते आता मला विचारायला नको.

चारुतानं पेटी पुढ्यात ओढली. पहिल्या ओळीलाच कळलं, माझ्यापेक्षा बरी वाजवते. हे इथंच लिहून ठेवते, तिला सांगायला थोडा वेळ लागेल.

रविवार, २१ डिसेंबर

तालीम झक्क झाली. सात वेळा तोंड उघडलं, सातही वेळा शेंगदाणा टाकला. आवडाबाईंनी पिशवीभर पाठवलेत. इंद्रजीत म्हणतो, “ताई, ऐसेच चला तो संमेलन तक आठ किलो बढ़ेंगे.” आठवा दाणा.

आप्पासाहेब आज पंधरा मिनिटं बोलले. कोणाला आवरेनात.

रविवार, ११ जानेवारी

नाट्यगृह गच्च भरलं होतं. मी तिसऱ्या रांगेत, शाल घेऊन. मंचावर नाही तर नाही, शाल कशाला घरी ठेवायची? एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला परभणीच्या मंडळाचे एक गृहस्थ, कडक इस्त्रीचे, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक लाल.

पडदा वर गेला. पेटीमागं चारुता दिसली आणि वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ती जागा माझी होती. चोवीस वर्षं थांबले होते मी तिच्यासाठी.

मग संस्कृतीनं डोळे मिटले आणि ‘आस्मानी सोसली’ उचललं. कुठं अडखळली नाही, कोणाकडं बघितलं नाही. ‘सरंना पानी’ वर तिनं आवाज असा सोडला की मागच्या रांगेतून कोणी तरी “वाह रे पोरी!” ओरडलं. पहिल्या रांगेत आवडाबाई बसल्या बसल्या मांडीवर ठेका धरत होत्या.

शेजारचे गृहस्थ माझ्याकडं झुकले. “आवाज उत्तम आहे हो. पण ‘पानी’ काय? ‘पाणी’ म्हणायला नको? यांच्या मंडळात कोणी उच्चार सुधारणारं माणूस नाही का?”

“होती एक बाई,” मी म्हणलं. “कलम अकराखाली तिला मंचावरून उतरवलं.”

पलीकडून यांनी माझा हात दाबला. वर संस्कृती शेवटच्या ओळीवर आली होती, इचारीत नाय आड कुनाची कहानी, आणि हजार माणसं तिच्यामागं म्हणायला लागली. मीही म्हणलं. पहिल्या फटक्यात न आला, बरोब्बर जागेवर.

माझ्या डोळ्यांत पानी आलं. सर्दी नव्हती झालेली.